सशाचा उपद्रव, सशाची गरज

मुलाच्या वाढदिवसाला घरात सशाचे पिल्लू येते. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, ओंजळीत मावेल एवढे. दुकानदार सांगतो, ‘काही त्रास नाही. गाजर-कोबी टाका, आवाजसुद्धा करत नाही.’ पहिले दोन महिने ते खरेही ठरते. मग एके दिवशी मोबाइलचा चार्जर मधोमध तुटलेला सापडतो. पुढच्या आठवड्यात वायफायची वायर, मग सोफ्याचा कोपरा, आजोबांच्या चपलेचा पट्टा, शाळेच्या वहीची पाने. पलंगाखाली लेंड्या पसरलेल्या असतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात ससा गादीवर चढून लघवी करू लागतो आणि गादी धुण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचा संयम संपतो.

ससा बाल्कनीतल्या पिंजऱ्यात जातो. तिथे तो रात्रभर जाळी चावत बसतो, शेजारी तक्रार करतात. शेवटी कुणीतरी सुचवते, ‘टेकडीवर सोडून द्या, रानात मजेत राहील.’

तो मजेत राहत नाही. माणसाच्या घरात वाढलेल्या सशाला लपायची जागा शोधता येत नाही, पांढऱ्या रंगामुळे तो दुरूनच दिसतो आणि भटकी कुत्री, मांजरे, घारी यांच्यापुढे त्याचा फार काळ निभाव लागत नाही. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत सोडून देणे, हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

कुरतडलेल्या वायरपासून टेकडीपर्यंतचा हा प्रवास बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपण ज्याला उपद्रव म्हणतो, ते सशाच्या शरीराचे रोजचे काम असते. ते बंद पाडता येत नाही. त्याला योग्य जागा मात्र देता येते.

हा आपल्या रानातला ससा नव्हे

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. माळरानावर संध्याकाळी गाडीच्या दिव्यांपुढून झेपावत जाणारा करड्या-तपकिरी रंगाचा ससा म्हणजे लेपस नायग्रिकोलिस. तो बीळ खणत नाही, गवतात खोलगट जागा करून बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पकडता किंवा पाळता येत नाही.

दुकानात मिळणारा ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालच्या भागातला. त्याचे शास्त्रीय नाव ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच ‘खणणारा ससा’ असा आहे. हे ससे कळपाने राहतात आणि जमिनीखाली बिळांचे जाळे विणतात. त्यांची पिल्ले बिळाच्या उबेत, उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडायचे, गवत खायचे, धोका दिसला की बिळात पळायचे, हा त्यांचा दिनक्रम.

माणसाने या सशाचे रंग, आकार, कान आणि केस बदलले. सवयी फारशा बदलल्या नाहीत. पहाटे पाच वाजता घर झोपलेले असताना पिंजऱ्यात धडपड सुरू होते, ती त्याच्या फिरण्याच्या वेळेला. फरशीवर, गादीवर, सोफ्याच्या उशीवर पुढच्या पायांनी उकरणे हे बीळ खणण्याचेच काम. आणि वाटेत आलेली वायर तोडणे? बिळाच्या वाटेत आडवी आलेली मुळे हा प्राणी दातांनी छाटून टाकतो. जमिनीलगत पसरलेली बारीक, मऊ वायर त्याला तशीच भासत असावी, असे मानले जाते.

आयुष्यभर वाढणारे दात

सशाला २८ दात असतात. पुढच्या चार पटाशीच्या दातांबरोबरच वरच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात दडलेले असतात. उंदीर-घुशींना ते नसतात, म्हणून ससा त्यांच्या गटात मोडत नाही. महत्त्वाची बाब अशी, की सशाचे पुढचे दात आणि मागच्या दाढा असे सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ते झिजले नाहीत, तर वर्षभरात १० सेंटिमीटरच्या पुढे जातील. दाढा वाढल्या तर त्यांची टोके जिभेत आणि गालात रुततात, मुळे डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचू शकतात आणि ससा खाणे सोडतो.

हे दात झिजवण्याची सोय निसर्गाने गवतात केली आहे. गवतात सिलिका, म्हणजे वाळूतलेच खनिज असते. ससा गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरवतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. दिवसातले कित्येक तास हे काम चालते. आता या सशाला वाटीभर गोळ्यांचे खाद्य आणि गाजराचा तुकडा दिला, की त्याचे खाणे काही मिनिटांत आटोपते. उरलेल्या वेळात तोंडाला काम हवे असते. ते सोफा पुरवतो.

म्हणून कुरतडण्यावरचा पहिला उपाय ताटात आहे. सशाच्या आहाराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग वाळलेल्या गवताचा असावा आणि ते चोवीस तास त्याच्या समोर असावे. बाहेरून येणारे टिमोथी गवत महाग पडत असेल, तर जनावरांच्या चाऱ्यातले स्वच्छ, कोरडे, बुरशी आणि धूळ नसलेले गवतही चालते. लसूणघास पिल्लांना चांगला; नावात लसूण असला, तरी त्याचा लसणाशी संबंध नाही. पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असल्याने साधारण सहा महिन्यांनंतर तो मुख्य आहार म्हणून देऊ नये. जोडीला कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. गोळ्यांचे खाद्य मोजून, अगदी थोडे. गाजर स्वतः मात्र गोड कंद आहे. ते एखाद्या चकतीपुरते खाऊ म्हणून ठीक. बिस्किट, पोळी, भात, पाव हे सशाचे अन्न नव्हे. कांदा-लसूण तर अजिबात नको. आहार बदलायचा तो एकदम नव्हे, दोनेक आठवड्यांत हळूहळू.

गवताबरोबर चावायच्या वस्तूही लागतात. पुठ्ठ्याची खोकी (चिकटपट्टी आणि पिना काढून), रंग न दिलेली वेताची टोपली, तुतीच्या, पेरूच्या किंवा बांबूच्या न फवारलेल्या काटक्या, गवत ठासून भरलेली कागदी नळकांडी. महागडी खेळणी लागत नाहीत. खोक्याला दोन दारे कापून दिली, तर तेच बीळ होते. एका खोक्यात फाडलेल्या कागदाचे कपटे भरून ठेवले, की उकरण्याची हौसही तिथे भागते आणि गादी वाचते.

वायर ही गंमत नव्हे

सोफा फाटला तर पैशांचे नुकसान. वायर चावली तर जीव जाऊ शकतो. चालू प्रवाहाच्या वायरीमुळे सशाची जीभ आणि ओठ भाजतात. कधी वरवर जखम किरकोळ दिसते, पण काही तासांत फुप्फुसात पाणी साठून श्वास लागतो. शॉक बसलेला ससा ठीक दिसला, तरी त्याला पशुवैद्याला दाखवायला हवे. त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. सोललेल्या वायरीमुळे आग लागण्याचा आणि घरातल्या लहान मुलाला शॉक बसण्याचा धोका वेगळाच.

कडू चवीचे फवारे, मिरपूड, कडुनिंबाचा रस हे उपाय बरेचदा सुचवले जातात. बरेच ससे त्यांना दाद देत नाहीत, आणि तिखटाने डोळ्यांची आग होते ती निराळी. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडे मिळणारी लवचिक पाइप किंवा केसिंग पट्टी वापरून वायरी झाकणे, त्या जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीवर घेणे आणि टीव्ही-फ्रिजच्या मागची फट फळीने बंद करणे हा खात्रीचा मार्ग. घरात गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी यंत्र नसेल, तर ते बसवून घेणे सशापेक्षा माणसांसाठी अधिक आवश्यक आहे.

ससा मोकळा फिरतो ती खोली त्याच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीवर बसून, एकदा पाहावी. दिसतील त्या वायरी, औषधांच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुंड्या हलवाव्यात. कण्हेर, मनी प्लँट, डिफेनबाकिया यांसारखी शोभेची झाडे त्याच्या तोंडाला लागता कामा नयेत. गालिचाचे धागे आणि रबराचे तुकडे आतड्यात अडकू शकतात. सशाला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेली वस्तू खालच्याच वाटेने जायला हवी, नाहीतर ती तिथेच अडते.

लेंड्या, लघवी आणि एक ट्रे

ससा घाण करतो ही तक्रार अर्धीच खरी आहे. मुळात तो कोपरा धरणारा प्राणी आहे. लघवीसाठी तो सहसा एकच-दोन जागा निवडतो. ती सवय हेरून तिथेच एक पसरट, मोठा ट्रे ठेवला, तर बहुतेक ससे काही आठवड्यांत तो वापरायला शिकतात.

यात एक युक्ती आहे. सशाला खाता-खाता लेंड्या टाकायची सवय असते. त्यामुळे गवताची टोपली ट्रेच्या अगदी लगत, त्याला ट्रेमध्ये बसूनच खाता येईल अशी ठेवावी. ट्रेमध्ये खाली वर्तमानपत्राची रद्दी, वर कागदाचे कपटे किंवा लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या आणि त्यावर गवताचा थर पुरतो. मांजरांसाठीची, ओलाव्याने घट्ट होणारी माती वापरू नये; ससा ती खातो आणि ती पोटात घट्ट होते. देवदार-पाइनसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा श्वासाला आणि यकृताला त्रासदायक असतो.

सुरुवातीला ससा एका छोट्या जागेतच ठेवावा. इकडेतिकडे पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकाव्यात. लघवी टिपलेला कागदही तिथेच ठेवावा, म्हणजे वासाने जागा ओळखू येते. आठवडाभर ट्रेचा वापर नीट झाला, की मोकळी जागा थोडी वाढवायची. सवय मोडली, तर पुन्हा जागा कमी करायची. ट्रे रोज साफ करावा, पण थोडे वासाचे गवत मागे ठेवावे.

फरशीवर वाळलेल्या लघवीचा पांढरा, खडूसारखा डाग राहतो आणि तो साबणाने जात नाही. बहुतेक प्राणी अन्नातले कॅल्शियम गरजेपुरते शोषून घेतात. ससा ते भरपूर शोषतो आणि जास्तीचे मूत्रावाटे बाहेर टाकतो. त्यामुळे त्याची लघवी गढूळ असते आणि डाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचाच असतो. पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून त्यावर ओतले, की तो फसफसून विरघळतो आणि वासही जातो. संगमरवरी फरशी असेल, तर मात्र व्हिनेगर नको. संगमरवरही त्याच रसायनाचा बनलेला असतो.

लघवी लाल किंवा नारिंगी दिसली, की घरात घबराट उडते. अनेकदा तो रंग सशाच्या मूत्रातल्या रंगद्रव्यांचा असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. पण लघवीत वेगळे दिसणारे रक्ताचे ठिपके किंवा गाठी असतील, ससा कुंथत असेल किंवा लाल रंग टिकून राहिला असेल, तर तपासणी हवीच.

लेंड्यांचेही दोन प्रकार असतात. कोरड्या, गोल, जवळपास वास नसलेल्या लेंड्या आपण झाडून काढतो. दुसरा प्रकार मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारखा असतो. सशाच्या पोटात सीकम नावाची मोठी पिशवी असते. तिथले जीवाणू गवत आंबवून त्यातून प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे तयार करतात. हा ऐवज मऊ लेंड्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. हे पाहून किळस येते, पण तो त्याच्या पचनाचा दुसरा टप्पा आहे. त्याला अडवू नये. मऊ लेंड्या फरशीवर चिरडलेल्या किंवा शेपटीला चिकटलेल्या वारंवार दिसू लागल्या, तर आहारात गोड आणि पिष्टमय पदार्थ जास्त होत आहेत, ससा फार जाड झाला आहे किंवा पाठ-सांधे दुखत असल्याने त्याचे तोंड तिथवर पोहोचत नाही, असे समजावे.

वयात आलेला ससा

‘पिल्लू होते तेव्हा किती शहाणे होते’ असे वाक्य बहुतेक घरांत चौथ्या ते सहाव्या महिन्यात ऐकू येते. त्या वयात ससा प्रजननक्षम होतो. नर उभ्या वस्तूंवर, कधी माणसाच्या पायावरही लघवीचे फवारे मारतो, पायांभोवती गिरक्या घेतो. मादी आपल्या जागेत हात घातला की गुरगुरते, अंगावर येते, जोराने उकरते. कधी गर्भ नसतानाही ती छातीचे केस उपटून घरटे करते. हे सगळे हद्द आखणे आणि जोडीदार शोधणे असते. हनुवटी खुर्चीच्या पायाला घासणे हाही त्यातलाच प्रकार. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास वस्तूला लावून ससा ‘हे माझे’ अशी नोंद करतो. त्याने काहीच घाण होत नाही. माणसाच्या नाकाला तो वास येतही नाही.

यावरचा खरा उपाय निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया आहे. नरात ती साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून, मादीत सहाव्या महिन्याच्या आसपास करता येते. त्यानंतर काही आठवड्यांत फवारे, भांडकुदळपणा आणि ट्रेबाहेरची लघवी बरीच कमी होते. मादीच्या बाबतीत कारण याहून मोठे आहे. निर्बीजीकरण न केलेल्या मादीला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण वयाबरोबर झपाट्याने वाढते. चार वर्षांपुढच्या माद्यांत, काही जातींमध्ये, ते निम्म्याहून अधिक आढळले आहे. पाळीव ससा नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षे जगतो. म्हणजे या आजारासाठी त्याच्या आयुष्यात वेळ भरपूर असतो.

दुकानातून ‘जोडी’ आणलेल्या घरांत प्रश्न वेगाने वाढतो. लहान पिल्लांचे लिंग ओळखणे अवघड असते आणि दोन्ही माद्या म्हणून आणलेल्यांत एक नर निघतो. गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा. व्याल्यानंतर मादी लगेचच पुन्हा गाभण राहू शकते. नराचे निर्बीजीकरण झाले, तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याला मादीपासून वेगळे ठेवावे लागते. तोवर त्याच्यात शुक्राणू शिल्लक असू शकतात.

शस्त्रक्रिया सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावी. कुत्र्या-मांजरांना भूल देण्याआधी उपाशी ठेवतात. सशाला तसे ठेवत नाहीत. त्याला उलटी होत नाही, आणि आतडे रिकामे राहून थांबले तर तोच मोठा धोका. ‘आदल्या रात्रीपासून काही देऊ नका’ असे सांगितले गेले, तर कारण विचारायला संकोच करू नये.

मारल्याने काय होते?

काहीच शिकवले जात नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास चहूबाजूंचे दिसते आणि वरून झेपावणारा हात त्याला घारीच्या झडपेसारखाच असतो. चापटी मारल्यावर तो वायर सोडतो, पण वायर आणि चापटी यांचा संबंध जोडत नाही. माणसाला घाबरायला मात्र शिकतो. घाबरलेला ससा जास्त कुरतडतो, कुठेही लघवी करतो आणि उचलले की मागच्या पायांनी जोरात झाडतो. त्याचे मागचे पाय ताकदीचे आणि हाडे नाजूक असतात. अशा झटक्याने पाठीचा कणा मोडून मागचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नवी नाहीत. कान धरून उचलणे तर क्रूरच. उचलायचेच असेल, तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि ससा आपल्या अंगाशी धरलेला.

त्यापेक्षा तो सोफ्याकडे वळला की त्याला शांतपणे पुठ्ठ्याकडे वळवावे, ट्रेमध्ये लघवी केली की लगेच कोथिंबिरीची काडी द्यावी. रोज किमान तीन-चार तास, शक्यतो पहाटे आणि संध्याकाळी, मोकळे फिरू द्यावे. जाळीच्या तळाचा छोटा पिंजरा हे त्याचे घर होऊ शकत नाही. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते. जाळीवर उभे राहून तिथे जखमा होतात. रात्रभर पिंजरा चावणारा ससा बहुधा कंटाळलेला असतो.

उन्हाळ्यात बाल्कनी हा पर्यायच नाही. सशाला घाम जवळजवळ येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की त्याला त्रास होऊ लागतो आणि विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा पिंजरा काही तासांत जीव घेऊ शकतो. घरातला थंड कोपरा, वाटीत भरपूर पाणी आणि टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली एवढे तरी हवे.

घरातल्या माणसांसाठी

ससा चावला तर रेबीजची लस घ्यावी लागते का, हा प्रश्न घेऊन अनेकजण सरकारी दवाखान्यात येतात. घरात राहणारा, कुत्र्या-मांजराने न चावलेला ससा असेल, तर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लशीची गरज क्वचितच पडते. सशाला अलीकडे एखाद्या जनावराने चावले असेल किंवा तो विचित्र वागत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जखम मात्र प्रत्येक वेळी वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते तपासावे. जखम सुजली, लाल झाली, पू आला तर थांबू नये. सशाच्या तोंडातले जीवाणू संसर्ग करू शकतात.

सशाच्या अंगावर केस गळालेले गोल चट्टे आणि घरातल्या मुलांच्या हातावर गजकर्ण दिसले, तर दोघांवर एकाच वेळी उपचार हवेत. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना सशाचे केस, लाळ आणि वाळलेली लघवी यांचा त्रास होऊ शकतो. अशांनी ट्रे स्वतः साफ करू नये आणि ससा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये.

उलट बाजूने, माणसांची औषधे सशाला देऊ नयेत. घरोघरी सापडणारे अमॉक्सिसिलिन तोंडाने दिले, तर सीकममधले उपयोगी जीवाणू मरून विषारी जीवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवाराही सशाला घातक आहे.

उपद्रव थांबतो तेव्हा

इतके सारे केल्यावरही ससा अधूनमधून चप्पल कुरतडणारच. ते प्रमाण घरातल्यांना चालवून घेता येईल इतके खाली आणता येते, शून्यावर आणता येत नाही. शून्याचीच अपेक्षा असेल, तर ससा न आणणे बरे. वाढदिवसाची भेट म्हणून आणण्याआधी, पुढची दहा वर्षे रोज ट्रे कोण साफ करणार, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी एकमेकांना विचारावा. सात-आठ वर्षांच्या मुलाने दिलेले वचन यासाठी धरू नये.

ट्रे नीट वापरणारा ससा अचानक कुठेही लघवी करू लागला, तर तो हट्ट नसून मूत्राशयातला गाळ, संसर्ग किंवा सांधेदुखी असू शकते. आणि याहून गंभीर खूण आवाज न करता येते. नेहमी धडपडणारा ससा एका कोपऱ्यात अंग आखडून बसतो, दात करकर वाजवतो, कोथिंबिरीकडेही पाहत नाही, ट्रेमध्ये नव्या लेंड्या दिसत नाहीत. अनेक घरांत त्या दिवशी समाधानाने म्हटले जाते, ‘आज अगदी शहाण्यासारखा बसलाय.’ प्रत्यक्षात त्याच्या आतड्याची हालचाल मंदावलेली किंवा थांबलेली असते. दहा-बारा तास काही न खाल्लेल्या किंवा लेंडी न टाकलेल्या सशाला उद्यापर्यंत थांबवता येत नाही. त्याच दिवशी, मिळेल त्या वेळी पशुवैद्याकडे न्यावे लागते. एका रात्रीच्या उशिराने ससा जातो.

म्हणून सशाच्या घरात रोज सकाळी दोन गोष्टी पाहायच्या: गवत किती संपले आणि ट्रेमध्ये लेंड्या किती पडल्या. भरपूर लेंड्या आणि चार जागी कुरतडलेले पुठ्ठ्याचे खोके दिसले, की झाडू हातात घ्यावा आणि निश्चिंत व्हावे.